काळोख कुणाचा? रात्रीच्या लढाऊ विमानाच्या चित्राविषयी



रात्रीच्या लढाऊ विमानाचं चित्र काढायचं म्हणजे नेमकं काय काढायचं, हा आजचा प्रश्न आहे. ऐकायला किरकोळ वाटेल. पण बघा, ज्या वस्तूचं सगळं कसब न दिसण्यात आहे, ती चित्रकाराने दाखवायची आहे. स्पष्ट दाखवली तर ती रात्रीचं विमान उरत नाही, आणि न दाखवावी तर चित्र कसलं? आम्ही उभा जन्म वर्गात प्रत्यक्ष, अनुमान, अभाव हे शिकवण्यात घालवला. त्यासाठी घट, पट आणि डोंगरावरचा धूर ही ठरलेली उदाहरणं वापरली. त्यांच्याइतकंच साधं आणि त्यांच्याहून अवघड असं हे उदाहरण आहे.

नाशिककरांना विमान नवं नाही. १९६४ पासून ओझरला कारखाना आहे. तिथे मिग-२१ झाली, मिग-२७ झाली, सुखोई झाली. विमानाचं चित्रही आपल्याला नवं नाही. १९५८ साली भारतीय हवाई दलाच्या रौप्यमहोत्सवाची तिकिटं निघाली, ती आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापली गेली. त्यांवर जुनं दुपंखी वापिटी आहे आणि तेव्हाचं नवंकोरं हंटर आहे. तिकिटावरचं विमान नेहमी लख्ख दिवसाचं असतं. ते ओळखू यावं एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते, आणि ते ठीकच आहे.

बाजूच्या दालनात जे तैलचित्र लावलं आहे ते आत येताना आपण पाहिलं असेल. चित्रकार ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे स्नेही आहेत. 'सर, बोला मनमोकळं, पण माझं नाव नको,' असं त्यांनी बजावलं आहे. तेव्हा नाव घेत नाही, आणि मनमोकळं बोलतो.

प्रसंग असा. २० डिसेंबर १९४२ च्या रात्री जपानी विमानांनी कलकत्त्यावर पहिले बॉम्ब टाकले. नाताळच्या त्या आठवड्यात आणखी हल्ले झाले. शहराचा धीर सुटला, माणसं लोंढ्यांनी गाव सोडून निघाली. रात्रीच्या आकाशात शत्रू शोधू शकेल असं रडार बसवलेलं विमान इंग्रजांकडे तिथे नव्हतं. मध्यपूर्वेतून ब्यूफायटर विमानं मागवली गेली. १४ जानेवारी १९४३ ला, म्हणजे ऐन संक्रांतीला, डमडमच्या विमानतळावर १७६ क्रमांकाची तुकडी उभी राहिली. दुसऱ्याच रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंग याने चार मिनिटांत तीन जपानी बॉम्बफेकी विमानं पाडली. चार दिवसांनी, १९ तारखेच्या रात्री, क्रॉम्बी नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानाचं इंजिन पेटलं. त्याने सोबत्याला उडी मारायला सांगितलं आणि स्वतः जळत्या विमानातून हल्ला चालू ठेवून मगच छत्री घेतली. आमच्या मित्रांनी प्रिंगची रात्र निवडली.

त्यांनी जे संशोधन केलं त्याला आमचा नमस्कार. कारखान्यातला माणूस आहे, ड्रॉइंग वाचता येतं. ब्यूफायटरची हर्क्युलिस इंजिनं दोन. त्यांचा धूर गोळा करणारं कडं इंजिनाच्या मागे नसून पुढे असतं, ते तापून लाल होतं आणि रात्री चुगली करतं. म्हणून पुढे जाळ लपवणारी नळकांडी बसवलेली. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. पंखांत सहा मशीनगन, त्याही समान वाटलेल्या नाहीत. उजव्या पंखात चार आणि डाव्यात दोन. ही विषमता फार थोड्या चित्रांत बरोबर येते, यांच्यात आली आहे. मग नाकाचा प्रश्न. सुरुवातीच्या रडारची अँटेना बाणाच्या टोकासारखी नाकावर बाहेर आलेली असे. नंतरच्या, आखूड लहरींच्या रडारमुळे नाकाला शिंप्याच्या अंगुस्तानासारखा गोल फुगवटा आला. ते यंत्र जानेवारी ४३ मध्ये खुद्द इंग्लंडातच नुकतं येऊ लागलं होतं. तेव्हा डमडमच्या विमानाला बाण हवा, अंगुस्तान नको. बरोबर.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते पंखावरच्या वर्तुळचिन्हापायी. बर्मा आघाडीवरची ब्रिटिश विमानं आपण चित्रांत पाहतो तेव्हा त्यांच्यावर निळं आणि पांढरं असं दोनच रंगांचं चिन्ह असतं. मधला तांबडा ठिपका नसतो. जपान्यांचं चिन्ह म्हणजे तांबडा सूर्य. गडबडीत आपलाच माणूस आपल्या विमानावर गोळी झाडील, म्हणून तांबडा काढून टाकला. पण हे झालं १९४३ च्या मध्यापासून. प्रिंग उडाला तो जानेवारीत. म्हणजे त्याच्या विमानावर तांबडा ठिपका होताच. आमच्या मित्रांनी तो घातला, आणि त्यांना त्याचा रास्त अभिमान आहे. या ठिपक्याकडे आपण परत येणार आहोत.

आता विमानाचा रंग. कुणालाही विचारा, रात्रीच्या विमानाचा रंग कोणता? काळा. इंग्रजांनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी काजळीसारखा खरखरीत, अजिबात न चमकणारा काळा रंग तयार करून विमानांना फासला. दोन गोष्टी झाल्या. खरखरीतपणामुळे वेग घटला. आणि विमान जास्त दिसू लागलं. कारण रात्रीचं आकाश काळं नसतंच. ताऱ्यांचा, चंद्राचा, हवेचा स्वतःचा असा एक मंद उजेड त्यात असतो. त्याच्यावर काळं विमान कात्रीने कापलेल्या कागदासारखं उठून दिसतं. म्हणून १९४२ च्या अखेरीस रात्रीच्या विमानांसाठी नवा आदेश निघाला: खाली आणि बाजूंना समुद्री करडा, वर त्यावर गडद हिरव्याचे पट्टे. जर्मनांचाही अनुभव हाच; तेही काळ्यावरून फिकट करड्यावर आले. अमेरिकनांनी मात्र उलट, चकाकणारा काळा घेतला, कारण त्यांच्या चाचण्यांत सर्चलाइटच्या झोतात तो कमी दिसला. म्हणजे काळोखात लपण्याचा एकच एक रंग नाही. कोण पाहतोय, कुठून पाहतोय आणि कोणत्या उजेडात, यावर तो ठरतो.

इथे आम्हाला आमची जुनी मंडळी आठवली. काळोख म्हणजे काय, यावर आपल्याकडे शेकडो वर्षं वाद झालेला आहे. नैयायिक म्हणतात, काळोख ही वस्तूच नाही. तेजाचा अभाव, बस्स. भाट्ट मीमांसक म्हणतात, असं कसं? काळोखाला निळा-काळा रंग आहे, दिवा हलवला की तो हलतो. ज्याला रूप आहे आणि गती आहे ते द्रव्यच. न्यायकंदलीकार श्रीधर म्हणतात, निळेपण आहे खरं, पण ते आपण आरोपित केलेलं. आणि प्राभाकर एक फार बारीक गोष्ट सांगतात: काळोख म्हणजे प्रकाशाचा अभाव नाही, तर प्रकाशाच्या ज्ञानाचा अभाव. विद्यार्थ्यांना हा वाद रिकामटेकडा वाटे. 'सर, बटण दाबा की,' असं एकजण म्हणालाही होता.

चित्रकाराला बटण दाबून सुटता येत नाही. त्याच्या हातात ट्यूब आहे. अभाव ट्यूबमधून निघत नाही. निघतो तो निळा किंवा काळा रंग. म्हणजे धंद्याने प्रत्येक चित्रकार भाट्ट मीमांसक असतो, त्याची इच्छा असो वा नसो. पण रात्रीचं लढाऊ विमान रंगवणाऱ्याने, आमच्या मते, प्राभाकरांचं ऐकायला हवं. त्या रात्री कलकत्त्यावरच्या आकाशात एक काळोख नव्हता, निदान तीन होते. जपानी विमानाच्या पाठीवरच्या काचेत बसलेल्या बंदूकवाल्याचा एक. ब्यूफायटरच्या पुढच्या खुर्चीतल्या प्रिंगचा दुसरा. आणि विमानाच्या मधोमध, पाठीवरच्या काचेच्या घुमटाखाली यंत्राच्या पडद्यात डोकं घालून बसलेल्या फिलिप्सचा तिसरा. फिलिप्स हा रडारचालक. त्याला आकाश दिसतच नव्हतं. दोन छोट्या पडद्यांवर उजेडाच्या रेषा, रेषांवर उमटणारे फुगवटे. एका पडद्यावरून डावं-उजवं, दुसऱ्यावरून वर-खाली. त्यातून अनुमान करून तो बोलायचा आणि प्रिंग त्याच्या शब्दावर विमान वळवायचा. त्या रडारचा पल्लाही गमतीचा: विमान जितकं उंच, साधारण तितकाच लांब. त्यापलीकडे जमिनीवरून परतलेल्या लहरी पडदा भरून टाकत. आणि शेवटच्या काहीशे फुटांत यंत्र आंधळं होई. तिथून पुढे प्रिंगचे डोळे. अनुमान, शब्द आणि शेवटी प्रत्यक्ष, तीन प्रमाणं एका विमानात, आणि तीही दोन माणसांत वाटलेली.

मीमांसकांचा आणखी एक नियम इथे लागू पडतो. 'इथे घडा नाही' हे ज्ञान आपल्याला घडा न दिसण्यातून होतं. पण अट अशी की घडा असता तर तो दिसला असता, इतका उजेड तिथे हवा. याला योग्य अनुपलब्धि म्हणतात. जपानी बंदूकवाला मागे पाहतो, काही दिसत नाही, म्हणून काही नाही असं धरतो. त्याची अनुपलब्धि योग्य नव्हती. त्या चुकीच्या फटीतच रात्रीचं लढाऊ विमान राहतं. हा त्याचा खरा विषय आहे. रिव्हेट हा नाही.

आता चित्राकडे वळू. चित्रात ब्यूफायटर मोठं, समोरून तिरकं. उजवीकडे वर जपानी की-२१ पेटलेलं. त्या आगीचा नारिंगी उजेड ब्यूफायटरच्या अंगावर पडला आहे. हिरवा पट्टा दिसतो, करडा दिसतो, नाकावरचा बाण दिसतो, मशीनगनची भोकं मोजता येतात, आणि पंखावर तो तांबडा ठिपका झळकतो. खाली हुगळी. तिच्यावर हावड्याचा पूल. तोही तपासून घातलेला, कारण पूल बांधून तयार होता, फक्त वाहतुकीला ३ फेब्रुवारी १९४३ ला, हल्ल्याच्या भीतीने कसलाही समारंभ न करता खुला झाला. काम देखणं आहे. आगीचा तपकिरी काठ विशेष चांगला उतरला आहे.

आमचा आक्षेप उजेडाला आहे.

पंचांग काढून पाहा. २१ जानेवारी १९४३ ला पौषी पौर्णिमा. म्हणजे १५ तारखेला शुद्ध नवमी-दशमीचा चंद्र, आणि क्रॉम्बीच्या रात्री जवळजवळ पूर्ण. मागच्या महिन्यातली पौर्णिमा २२ डिसेंबरला, आणि पहिला हल्ला २० ला. हा योगायोग नव्हे. दिवे मालवलेलं शहर शोधायचं तर चांदण्यात चमकणारी हुगळीच वाट दाखवणार. युद्धकाळात व्हिक्टोरिया मेमोरियलचा पांढरा संगमरवर लिंपून काळा केला होता. पण नदी कोण लिंपणार? तेव्हा त्या रात्रीचं मूळ पाणी, मूळ उजेड, चांदण्याचा. आणि चांदण्यात माणसाच्या डोळ्याला रंग जवळजवळ दिसत नाहीत. रंग ओळखणाऱ्या पेशी तेवढ्या उजेडात काम करत नाहीत. उरतात त्या करडं पाहणाऱ्या. त्यातही तांबडा सगळ्यात आधी काळा होतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवून ठेवलं आहे. आपल्या अंगणातल्या जास्वंदीकडे चांदण्यात पाहा. फूल काळं दिसतं आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ.

म्हणजे झालं काय? ज्या तांबड्या ठिपक्यासाठी आमच्या मित्रांनी महिने घालवले, तो त्या विमानावर होता हे खरं, आणि त्या रात्री कुणाही डोळ्याला तो तांबडा दिसला नसता हेही खरं. आता चित्रकाराने कोणतं खरं काढायचं? आम्ही हे त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'म्हणूनच सर, मी आग घेतली. आगीत तांबडा दिसतो.'

उत्तर चोख आहे, आणि नेमकं हेच उत्तर आम्हाला अस्वस्थ करतं. कारण ती आग म्हणजे काय? की-२१ मध्ये पाच ते सात माणसं असत. या चित्रातला एकमेव दिवा म्हणजे ती माणसं जळत आहेत तो. त्या उजेडात आपण मशीनगनची भोकं मोजतो आणि 'वा, डाव्या पंखात दोनच' असं म्हणून खूश होतो. शत्रू होते, बॉम्ब टाकायला आले होते, खाली झोपलेल्या शहरावर टाकायला आले होते, हे आम्ही विसरत नाही. प्रिंगने जे केलं ते करायलाच हवं होतं. पण मरणाऱ्याच्या उजेडात मारणाऱ्याचं यंत्र तपासणं ही एक विशिष्ट नजर आहे, आणि रात्रीच्या हवाई युद्धाच्या बहुतेक लोकप्रिय चित्रांत हीच नजर आहे. कारण साधं आहे. संशोधन केलंय तर ते दिसलं पाहिजे. दिसायला उजेड हवा. रात्री उजेड फक्त आगीचा. संशोधनाने उजेडाची गरज निर्माण केली आणि उजेडाने प्रसंग निवडला. चित्रकाराने काही निवडलंच नाही.

आपल्याकडे हा दोष फक्त विमानांच्या चित्रात आहे असं नाही. लाल महालावरचा छापा ५ एप्रिल १६६३ च्या रात्री झाला. कॅलेंडरवरच्या चित्रात तिथे इतका उजेड असतो की शाहिस्तेखानाची बोटं मोजून घ्यावीत. एवढा उजेड असता तर छापा कशाला जमला असता?

याच्या उलट एक चित्र सांगतो, तेही युद्धाच्या शेवटाशेवटाचं. सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास एक जलरंगचित्र केलं: हातात समई घेतलेली बाई, ज्योतीवर दुसऱ्या हाताचा आडोसा. ते आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि बरेच लोक ते राजा रविवर्म्याचं समजून पाहतात. तिथेही एकच दिवा आहे. पण ज्योत झाकलेली आहे. उजेड आपल्याला कळतो तो बोटांच्या कडांतून आणि चेहऱ्यावरून. उजेड कुठून येतो आणि तो कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्या चित्राने आधी सोडवला आहे आणि मग साडीची घडी रंगवली आहे. क्रम महत्त्वाचा.

आणि विमानांचंच उदाहरण हवं असेल तर इंग्रज चित्रकार पॉल नॅश. त्याने १९४०-४१ मध्ये 'टोटेस मेअर', म्हणजे मृत समुद्र, या नावाचं चित्र केलं. ऑक्सफर्डजवळ काउली इथे पाडलेल्या जर्मन विमानांच्या सांगाड्यांचा ढीग होता. नॅश तिथे गेला, त्याने पाहणी केली, फोटो घेतले. संशोधन त्यानेही केलं! पण चित्रात चंद्र आहे आणि त्याच्या थंड उजेडात मोडलेले पंख लाटांसारखे किनाऱ्यावर येऊन थिजले आहेत. कोणतं विमान कोणत्या तुकडीचं, हे विचारायला सुचतही नाही. आमचे मित्र म्हणतील, 'ते कलावंताचं काम, मी इतिहासाचं करतो.' आम्हाला ही वाटणी मान्य नाही. चांदण्यात रंग दिसत नाही ही गोष्ट इतिहासाचीच आहे, आणि ती वर्तुळचिन्हाच्या आदेशापेक्षा जास्त पक्की आहे. आदेश हे शब्दप्रमाण. इजिप्तमार्गे आलेलं एखादं विमान आदेशाप्रमाणे रंगवलं गेलंच, हे आपण अनुमानाने धरतो. डोळ्याचा नियम मात्र त्या रात्रीही तोच होता आणि आजही तोच आहे.

'व्हिस्परिंग डेथ', कुजबुजणारा मृत्यू, हे ब्यूफायटरचं टोपणनाव जपान्यांनी दिलं असं मोठ्या खुशीने सांगितलं जातं. अभ्यासकांचा कल ते ब्रिटिशांच्याच मेसमध्ये जन्मलं असं मानण्याकडे आहे. आमच्या मित्रांनी चित्राला तेच नाव दिलं होतं. ते बदलावं, एवढं तरी त्यांनी आमचं ऐकलं आहे.

चित्राखालच्या पट्टीबद्दलही बोललं पाहिजे. पट्टीवर प्रिंगचं नाव आहे, फिलिप्सचं नाही. चित्रातही घुमट रिकामा काळा आहे. आम्ही विचारलं तर म्हणाले, त्याचं डोकं यंत्रात होतं, बाहेरून दिसलं नसतं. बघा, इथे मात्र 'दिसलं नसतं' हे कारण चाललं! ठिपक्याला चाललं नाही. ज्याच्या शब्दावर विमान वळत होतं त्याला काळोखात ठेवलं, आणि जो रंग कुणालाच दिसत नव्हता त्याला उजेडात आणलं. प्रिंग त्याच वर्षी ५ डिसेंबरला कलकत्त्याच्या बचावात मारला गेला, हे पट्टीवर आहे. ते योग्यच आहे.

आणि खालचं शहर. चित्रात ते एक सपाट निळा पट्टा आहे, नदी आणि पूल सोडला तर. दिवे मालवलेलं होतं हे खरं. पण त्या काळोखाखाली कोण होतं? आदल्या वर्षी जपानी येतील या भीतीने सरकारने बंगालच्या किनारी भागातल्या नावा काढून घेतल्या, तांदूळ हलवला; आणि त्याच १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला. बॉम्बने जितकी माणसं मेली त्याच्या अनेक पटींनी भुकेने मेली. विमानाच्या चित्रात दुष्काळ घाला असं आम्ही म्हणत नाही. ते भाबडं होईल. पण मग तो पट्टा इतका सुबक, इतका मखमली निळा का? तिथे भाट्टांचं निळं द्रव्य उगाच सढळ हाताने वापरलं आहे.

मग आम्ही असतो तर काय काढलं असतं, असा प्रश्न येणारच. आम्हाला ब्रश धरता येत नाही, पण टीकाकाराने सुटका करून घेऊ नये. आम्ही आगीच्या आधीचं अर्धं मिनिट घेतलं असतं. रडार आंधळं झालं आहे, फिलिप्सने डोकं वर काढलं आहे. समोर, थोडं वर, करड्यावर किंचित गडद करडी अशी एक आकृती, आणि तिच्या धुराड्यांचे दोन फिकट ठिपके. प्रिंगला तीही सरळ पाहून दिसत नसणार. अंधारात डोळ्याच्या मध्याने दिसत नाही, जरा बाजूला पाहावं लागतं. ब्यूफायटरचं नाक चित्रात आलं तर तेही करडं. ठिपका काळा. रिव्हेट एकही नाही. वरच्या विमानातली पाच-सात माणसं अजून जिवंत आहेत, त्यांना वाटतंय मागे कुणी नाही.

'असं चित्र कोण घेणार, सर? आणि मी एवढं शोधलं ते कुठे गेलं?' मित्रांचा सवाल रास्त आहे. पहिल्या भागाचं उत्तर आमच्यापाशी नाही. दुसऱ्याचं आहे: शोधलेलं सगळं त्या करड्यात गेलं. तो करडा किती फिका, किती निळसर, हे ठरवायला चंद्र, तारीख, उंची, नदीचं प्रतिबिंब आणि विमानाचा अचूक आकार एवढं सगळं लागतं. नाकावरचा बाण चुकला तर ती काळी आकृतीसुद्धा चुकेल.

त्यांनी नवा कॅनव्हास ताणला आहे, असं कालच कळलं. जुनं चित्र रविवारपर्यंत बाजूच्या दालनात आहे. चित्रकार पहिल्या रांगेत बसले आहेत. तोफा, इंजिन, पूल यांबद्दल त्यांना विचारा. उजेडाबद्दल आमच्याशी भांडायचं असेल तर आम्ही इथेच आहोत.